पडलेले झाड मेलेले नसते



वादळ झाले की आपल्या कोरडवाहू मुलखात चर्चा होते ती कपाशीची आणि ज्वारीची. विहिरीजवळच्या पाच-दहा गुंठ्यांतल्या मिरची, वांगी, टोमॅटोचे नाव कोणी घेत नाही. पण कपाशीचा पैसा हाती येईपर्यंत घरचे तेल-मीठ आणि पोरांच्या वह्या या भाजीवर निघतात. हा पैसा वाऱ्याने जातो त्यापेक्षा जास्त वाऱ्यानंतरच्या दोन दिवसांत जातो, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे.

त्या दोन दिवसांत बांधावर कोण येते? विमा येत नाही. 2025 च्या खरिपात राज्याचा पीकविमा 14 पिकांना होता. कांदा सोडला तर त्यात एकही भाजी नव्हती. येतो तो बाटली विकणारा. टॉनिक मारा, युरिया टाका, झाड उभे राहील, असे सांगतो. अहो, तुटलेल्या मुळांना युरिया उचलता येत नाही. पुढे त्यावर जी लुसलुशीत पालवी येते ती मावा-तुडतुड्यांचे जेवण होते. झाड उभे राहते ते हाताने आणि काठीने.

साचलेले पाणी आधी चर काढून बाहेर काढा. चिखलात शिरू नका. काळी माती तुडवली की घट्ट बसते आणि मुळे गुदमरतात. पाय टेकण्याइतपत सुकले की मात्र थांबू नका. आडव्या झाडाचा शेंडा एक-दोन दिवसांत वर वळतो, मग सरळ करताना मोडतो. झाड हिसका न देता उचला, बुडाशी मातीची भर द्या, हलक्या हाताने दाबा. आधाराला तुराटी लावा. पऱ्हाटी नको, तिच्या जुन्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडलेली असते. सुतळी सैल बांधा.

चिरलेली फांदी चिरेच्या खाली धारदार विळ्याने कापा. बाकी पाने राहू द्या, झाड त्यांच्यावरच सावरते. मोठी फळे तोडून ओझे कमी करा. पाने कोरडी झाल्यावर जखमांसाठी 10 लिटर पाण्यात 25 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईडची एक फवारणी पुरते. खत नवी पालवी दिसल्यावर, तेही थोडे. बुडातून पार तुटलेले झाड तेवढे उपटा.

आणि पुढच्या वर्षाचे आजच ठरवा. वाऱ्याच्या अंगाला उंच ज्वारीच्या दोन-तीन ओळी पेरा. सहा फुटी ज्वारी मागच्या साठेक फुटांवरचा वारा मोडते. पक्की भिंत हे करीत नाही. तिच्यावरून वारा उसळून पलीकडे आदळतो, ज्वारीतून तो गाळून जातो. आपण ज्वारी काढून टाकली तेव्हा धान्य आणि कडब्याबरोबर हा आडोसाही गेला.

पण हातांनी झाड सावरले म्हणून सरकार सुटत नाही. भाजीची नोंद ई-पीक पाहणीत कराच. 2015 पासून मदतीला 33 टक्के नुकसानीची अट आहे. नोंदच नसेल तर टक्के कशाचे मोजणार? झाडे उचलण्याआधी फोटो काढा, तलाठ्याला लेखी कळवा.

मिरची, वांगी, टोमॅटो खरिपाच्या विम्यात घ्या, असा ठराव प्रत्येक गावाने जिल्हा बैठकीत आणावा. तो मांडायला ज्या माउलीच्या हातची ती भाजी आहे, तिलाच पुढे करा.