येळवस ही सहल नव्हे काय?

प्रथम वर्षाच्या मराठीच्या उत्तरपत्रिका तपासताना आमच्यापुढे एकाच विषयावरचे चाळीसेक निबंध आले. विषय नेहमीचाच होता : 'मी अनुभवलेली एक सहल'. लिहिणारी मुले-मुली नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या खेड्यापाड्यांतून आलेली. निबंध मात्र बहुतेक सगळे महाबळेश्वरचे, माथेरानचे, फार तर एखाद्या समुद्रकिनाऱ्याचे. सर्वत्र तेच धुके, त्याच खोल दऱ्या, तीच कोवळी सूर्यकिरणे आणि सर्वांचाच शेवट 'निसर्गाच्या कुशीत'. पुढच्या तासाला आम्ही वर्गात विचारले, यांपैकी किती ठिकाणे तुम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत? दोन हात वर झाले. मग विचारले, येळवशीला रानात किती जण जाता? जवळजवळ सगळा वर्ग हसला आणि सगळे हात वर गेले. मग तेच का लिहिले नाही? एका मुलीने शांतपणे उत्तर दिले, "सर, तो सण आहे. सहल नाही."

हे उत्तर त्या मुलीचे नव्हे; ते आम्ही, म्हणजे मराठीच्या अध्यापकांनी, समीक्षकांनी आणि पाठ्यपुस्तकांनी तिच्या तोंडी घातलेले आहे, असे आमचे म्हणणे आहे. आणि ते चुकीचे आहे, असेही आमचे म्हणणे आहे.

ज्यांना येळवस ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. मार्गशीर्षातली अमावस्या ही वेळ अमावस्या. लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या सीमाभागात ती येळवस. डिसेंबरात, कधी जानेवारीच्या आरंभी येते. सीमेपलीकडे बीदर आणि कलबुर्गीकडे हीच एळ्ळ अमावस्या; कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ. घरची बाई डोक्यावर आंबिलीचे बिंदगे घेऊन निघते, मागे अख्खे घर निघते. रानात ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप केलेली असते. तिच्यात चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात, लक्ष्मीची पूजा होते. शिवारात आंबील शिंपडताना जी आरोळी दिली जाते, तिच्या कानडी वळणाच्या शब्दांचा अर्थ देणाऱ्यालाही बहुधा सांगता येत नाही. मग पंगत. भज्जी (ही तळलेली भजी नव्हेत, हरभऱ्याचा पाला, मेथी, पातीचा कांदा, तुरीचे नि वाटाण्याचे दाणे, चिंचेचा कोळ आणि बेसन यांची ती घट्ट भाजी आहे), बाजरीचे उंडे, तिळाची भाकरी, खीर, आणि रात्रभर आंबवलेली ताक-पिठाची आंबील. दुपारभर मुले बांधावर, झाडावर, विहिरीच्या काठावर. संध्याकाळी पेटती पेंढी घेऊन शेताभोवती फेरी. लातूर जिल्ह्यात या दिवशी जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात. शहराची बाजारपेठ दुपारी अशी ओस पडते की परगावच्या माणसाला काही अघटित घडले असावे, अशी शंका यावी.

आता आमचा साधा प्रश्न असा : आईबापांनी मुलांना घेऊन दिवसभर मोकळ्या रानात जाणे, बरोबर नेलेले अन्न झाडाखाली बसून खाणे, आणि अंधार पडताना परत येणे, ही सहल नव्हे तर सहल कशाला म्हणायचे? सण आणि सहल यांच्या मधोमध भिंत कुणी घातली?

ती भिंत आमच्या मते निसर्ग या कल्पनेने घातली. आधुनिक मराठी कवितेने निसर्गाकडे पाहण्याची एक नजर इंग्रजी कवितेपासून उचलली, हे आपण वर्गात दरवर्षी सांगतो. केशवसुतांपासून बालकवींपर्यंतचा तो प्रवास आपण कौतुकाने शिकवतो आणि कौतुक अस्थानी नाही. पण त्या नजरेबरोबर एक अटही आली, ती आपण सांगत नाही. निसर्ग म्हणजे जिथे आपल्याला काम नाही अशी जागा, ही ती अट. डोंगर निसर्ग, धबधबा निसर्ग; आपल्या मायने खुरपलेले तुरीचे शेत मात्र निसर्ग नव्हे, तो 'शेतीव्यवसाय'. त्यावर दुसरा निबंध असतो : 'शेतकऱ्याची आत्मकथा'. दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्रा'ने (1956) महिन्या-महिन्याकडे पाहायला आपल्याला शिकवले, हे ऋण मोठे आहे. तरी ते डोळे पाहणाऱ्याचे आहेत. ज्याला उद्या त्याच रानात फवारणीला जायचे आहे, त्याच्या डोळ्यांना मार्गशीर्ष कसा दिसतो, हे सांगण्याची जबाबदारी त्या पुस्तकाची नव्हती. आपली होती.

आणि ज्यांच्याकडून ही नजर घेतली, त्यांची तरी गोष्ट आपण पुरती सांगतो काय? वर्ड्‌स्वर्थ शिकवताना आपण सरोवरांचा प्रदेश शिकवतो, फुले शिकवतो. 1844 साली केंडल ते विंडरमिअर लोहमार्गाचा बेत निघाला तेव्हा याच कवीने वृत्तपत्रातून त्याला विरोध केला, हे शिकवत नाही. विरोधाचे एक कारण असे की सौंदर्याची जाण संस्काराने हळूहळू येते. गिरण्यांतल्या कामगारांना घाऊक गाडीभर आणून सोडल्याने ती येत नाही. 1847 साली गाडी आलीच. पुढे 24 एप्रिल 1932 रोजी मँचेस्टर परिसरातले शेकडो तरुण कामगार किंडर स्काउटच्या माळावर बंदी मोडून चढले. तो माळ शिकारीच्या पक्ष्यांसाठी राखलेला होता. पाच जणांना तुरुंगवास झाला. राष्ट्रीय उद्याने आणि ग्रामीण भागातील प्रवेश यांचा कायदा 1949 साली झाला आणि 1951 साली तोच पीक डिस्ट्रिक्ट ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान ठरला. म्हणजे इंग्रज कामगाराचे पोर रविवारी आईबापांबरोबर हिरव्या टेकडीवर बसून डबा खाते, त्या निवांतपणामागे तुरुंग आहे, कायदा आहे, 'ही जमीन कुणाची' हा प्रश्न आहे. आपण घेतला तो फक्त निवांतपणा. प्रश्न तिकडेच राहिला.

त्याच तासाला दुसरे एक उत्तर आले होते, आणि खरे तर त्याच्यासाठीच हे लिहितो आहोत. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला नव्हता. विचारल्यावर म्हणाला, "सर, आमाला रान नाही. बोलावतील तिकडं जातो. माय तर आदल्या रात्रीपासूनच त्यांच्या घरी असती, भाकरी थापायला." वर्ग गप्प झाला. आम्हीही.

इथे आमचे दुसरे भांडण सुरू होते आणि ते आमच्याच माणसांशी आहे. दरवर्षी अमावस्येच्या आठवड्यात मराठवाड्यातल्या वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून 'आठवणीतली येळवस' येते. लेखक बहुधा पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला स्थायिक झालेला. त्याला आजीची आंबील आठवते, भज्जीचा वास आठवतो, कोपीतली ऊब आठवते, आणि 'आता ती मजा राहिली नाही' असा सुस्कारा टाकून तो थांबतो. पदार्थांची यादी म्हणजे साहित्य नव्हे. ती भज्जी करायला आजी किती वाजता उठली होती? उंडे कुणी वळले? कोप कुणी घातली? घातली ती सालगड्याने. त्या दिवशी त्याची पोरे कुठे जेवली, कोपीच्या आत की बांधावर? आणि जी मजा 'राहिली नाही', ती कुठे गेली?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला स्मरणरंजन नको. आडत बाजारात एक फेरी पुरे. कोप कडब्याची. कडबा रब्बी ज्वारीचा. ज्वारी काढायला, खुडायला, पेंढ्या बांधायला माणसे लागतात. मजुरी वाढली, भाव त्या मानाने वाढला नाही. कडबा खाणारे बैल ट्रॅक्टरने घालवले. खरिपात सोयाबीन आले : शंभरेक दिवसांत निघते, यंत्राने मळले जाते, लगेच रोख पैसा देते. लातूरची बाजारपेठ तुरीबरोबर सोयाबीनची म्हणूनही ओळखली जाऊ लागली. शेतकऱ्याने केलेला हा हिशेब मूर्खपणाचा नाही; त्याच्या जागी आपणही तोच केला असता. पण त्या हिशेबात कोप बसत नाही. म्हणून आज कित्येक रानांत चार बांबूंवर साडी किंवा ताडपत्री ताणलेली दिसते आणि कडबा शेजाऱ्याकडून पाच पेंढ्या मागून आणलेला असतो. हे ज्याला दिसत नाही, त्याने येळवशीवर लिहू नये, इतके कठोर विधान करायला आम्ही तयार आहोत.

याउलट एक आक्षेप आमच्यावर येईल, तो आम्ही आधीच मांडतो. वर्षातून एक दिवस माणसे आनंदाने रानात जातात, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून जेवू घालतात. त्या पंगतीतही तुम्ही जमीन, जात आणि मजुरी शोधत बसणार काय? होय, बसणार, आणि ते त्या आनंदाचा मान राखूनच. वाटेने चाललेल्या अनोळखी माणसाला उपाशी जाऊ न देणे ही लहान गोष्ट नाही. शहरात भाड्याच्या दोन खोल्यांत वाढणाऱ्या शिक्षकाच्या, कारकुनाच्या, पानवाल्याच्या पोराला तुरीची शेंग झाडावर कशी दिसते, हे त्या एका दिवसाने शिकवले आहे. आमच्यापैकी काहींना तर त्यानेच शिकवले. आमच्याही घरी रान नव्हते. जे इंग्लंडात कायद्याने मिळवावे लागले, ते इथे एका हाकेने मिळते, असे म्हणण्याचा मोह होतो. पण हाक आणि हक्क यांत फरक आहे. हाक मारणारा उद्या मारणार नाही. आणि ज्याला हाक येते तो पाहुणा म्हणून येतो की राबता म्हणून, हेही हाक मारणाराच ठरवतो.

साहित्याच्या विद्यार्थ्याला हा फरक कळावा, इतकीच आमची मागणी आहे. तो कळला तर लातूर जिल्ह्यातल्या काटगावच्या रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' (1971) ही कादंबरी वेगळी वाचता येईल. ग्रामीण कादंबरी म्हणून आपण ती शिकवतो, पण तिच्या केंद्रस्थानी शेतकरी नाही, शिंप्याचे घर आहे. गावात राहून ज्याला रान नाही, असे ते घर. भास्कर चंदनशिव यांच्या 'लाल चिखल' या कथेतला पोरगा टमाटे घेऊन बापाबरोबर बाजाराला जातो. त्याचाही तो बापाबरोबरचा घराबाहेरचा दिवसच आहे, फक्त त्याचा शेवट 'निसर्गाच्या कुशीत' होत नाही. या कृतींना आपण 'ग्रामीण साहित्य' नावाच्या वेगळ्या प्रश्नपत्रिकेत बसवतो, येळवशीला 'लोकसंस्कृती'च्या प्रकरणात आणि सहलीला निबंधलेखनात. तीन प्रश्नपत्रिका, तीन गुणदान, आणि एकाच रानाचे तीन तुकडे. मुलाने ते जोडायचे कुठे?

इतक्यात जोडणारा तो दिवसही हातातून निसटतो आहे. अलीकडे कृषी पर्यटनवाले माणशी दर लावून 'येळवस' विकतात. तिथे हाकही नाही आणि हक्कही नाही, फक्त पावती आहे. लातूरला शिकायला आलेल्या हजारो मुलांपैकी एकाने आम्हाला सांगितले की त्याच्या शिकवणीवर्गाने स्थानिक सुट्टीच्या दिवशीच सराव परीक्षा ठेवली होती. घरून डबा आला. भज्जी गार झाली होती. ती त्याने खोलीत, पलंगावर बसून, जीवशास्त्राच्या पुस्तकावर डबा ठेवून खाल्ली. त्या पुस्तकात ज्वारीचे शास्त्रीय नाव होते आणि ते त्याला पाठ होते.

आम्ही एवढेच करू शकलो की पुढच्या परीक्षेला विषय बदलला : 'रानातला एक दिवस, आणि ते रान कुणाचे होते'. काही सहकाऱ्यांनी नापसंती दर्शवली. निबंधाच्या विषयात स्वल्पविराम नसावा, असेही एक मत पडले. या वेळी महाबळेश्वर एकाही उत्तरपत्रिकेत आले नाही. मागच्या बाकावरच्या त्या मुलाने दीड पानच लिहिले, शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. त्याने सुरुवात पहाटेच्या सूर्यकिरणांनी केली नाही. आदल्या रात्री दुसऱ्याच्या चुलीपुढे बसलेल्या आईच्या हातापासून केली. गुण किती द्यावेत यावर आमच्यात बराच वेळ वाद झाला. तो वाद मराठीच्या प्रत्येक विभागात व्हावा, अशी आमची इच्छा आहे.