पाण्यावर चालणारा टेम्पो

गेल्या उन्हाळ्यात भाचा टेम्पो घेऊन लासुर्ण्याला आला तो मोठ्या खुशीत. बॉनेट उघडून त्याने पाण्याची बरणी दाखवली. "मामू, बॅटरीवर ह्यात हायड्रोजन बनतो आणि इंजिनात जातो. डिझेल निम्मंच लागणार." विकणाऱ्याने साडेआठ हजार घेतले होते. दोन महिन्यांनी हिशेब मांडला, तर डिझेल पूर्वीइतकेच.

मी उर्दू-मराठी शिकवतो, विज्ञान नाही. उर्दूत ज्याला बर्कपाशीदगी म्हणतात तेच मराठीतले विद्युत अपघटन, एवढ्या ओळखीवर मी वाचायला बसलो. त्या बरणीला वीज मिळते बॅटरीतून, बॅटरी भरतो अल्टरनेटर, अल्टरनेटर फिरवते इंजिन आणि इंजिन पिते डिझेल. प्रत्येक टप्प्यावर थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. मग फायदा येणार कुठून?

म्हणून हायड्रोजनच थोतांड आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. एक किलो हायड्रोजन जाळला की सुमारे ३९ युनिट ऊर्जा मिळते. म्हणजे पाणी फोडून तो मिळवायलाही निदान तेवढी लागणारच, ह्यात कोणाची हुशारी चालत नाही. आजच्या यंत्रांना लागतात साधारण ५० ते ५५ युनिट. संशोधकांची सारी धडपड ह्या मधल्या दहा-पंधरा युनिटांसाठी आहे. ऑक्सिजन सुटतो ती बाजू मंद चालते, वायूचे बुडबुडे इलेक्ट्रोडला चिकटून बसतात, आणि काही यंत्रांना प्लॅटिनम-इरिडियमसारखे महाग धातू लागतात. २०२२ मध्ये आयआयटी मुंबईच्या चंद्रमौळी सुब्रमणियम यांच्या गटाने कोबाल्ट ऑक्साइड व कार्बनच्या इलेक्ट्रोडजवळ चुंबक ठेवून पाहिला. हायड्रोजन तिपटीने वेगात निघाला आणि ऊर्जा १९ टक्के कमी लागली. काम प्रयोगशाळेतले, पण कोबाल्ट इरिडियमपेक्षा पुष्कळ स्वस्त, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

आमच्याकडे कोणी हायड्रोजनचे नाव काढले की पहिला प्रश्न पाण्याचा. कालव्याच्या पाळीकडे डोळे लावून बसणाऱ्यांना तो पडणारच. केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये हरित हायड्रोजन मिशन मंजूर केले, त्याचे लक्ष्य २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे. किलोला ९ लिटर पाणी प्रत्यक्ष फुटते. तेवढेच धरले तर देशभरासाठी दीड टीएमसीच्या आसपास! शुद्धीकरण आणि थंडाव्याचे वेगळे, तरी उसाच्या पट्ट्यात राहून मी ह्या आकड्याला घाबरत नाही. घाबरवते ती वीज. किलोमागे दहा युनिट वाचले, तर त्याच लक्ष्यावर वर्षाला ५,००० कोटी युनिट वाचतात. रात्रीच्या लाईटला मोटार चालू करायला उठणाऱ्या माणसाला ह्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

तेव्हा कोणी नवे यंत्र घेऊन आला, तर एकच विचारा: किलोला किती युनिट? ३९ च्या खालचा आकडा सांगितला आणि बाहेरून उष्णता देतो असेही म्हणाला नाही, तर चहा पाजून वाटेला लावा.

भाच्याची बरणी आता घरी माळ्यावर आहे. पैसे परत मागायला त्याने फोन लावून पाहिला, नंबर बंद लागतो.