शंका नेमकी कशावर आहे?

वाचकहो, अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो आपण पाहतो तो पायाने खेळायचा खेळ नव्हे. तिथे चेंडू लंबगोल असतो आणि तो हातात घेऊन पळायचे किंवा फेकायचे असते. एका बाजूला अकरा खेळाडू. त्यांतला ज्याच्या हुकुमाने सारी चाल होते, तो क्वार्टरबॅक.

हे काम अवघड आहे. प्रशिक्षक त्याच्या शिरस्त्राणातल्या रेडिओवरून डाव सांगतो. पण चाल सुरू करण्याच्या मुदतीतले पंधरा सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. पुढे सारे त्याच्या एकट्याच्या डोक्यावर. चेंडू हाती आला की दोन-तीन सेकंदांत समोरची फळी ओळखायची, कोणता गडी मोकळा सुटणार ते हेरायचे आणि फेकायचे. बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा तिथे चुकला, तर हजारो लोक म्हणतात, "हा कामाचा नाही!"

अशा शंकांना तोंड देऊन हे खेळाडू मोठे कसे होतात? दोन उदाहरणे पाहू.

पहिला जॉश अॅलन. कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ या छोट्या गावातला शेतकऱ्याचा मुलगा. शाळा संपली तेव्हा एकाही मोठ्या विद्यापीठाने त्याला बोलावले नाही. तो जवळच्या एका लहान कॉलेजात खेळला, तिथून वायोमिंग विद्यापीठात गेला. २०१८ साली बफेलोच्या संघाने त्याला निवडले, तेव्हा टीकाकार म्हणाले, हाताला जोर आहे पण नेम नाही. ते खोटे नव्हते. पहिल्या वर्षी त्याचे शंभरातले जेमतेम ५३ चेंडू आपल्या गड्याच्या हाती पडले. दुसऱ्या वर्षी ५९ आणि तिसऱ्या वर्षी ६९! सुट्टीच्या महिन्यांत त्याने पाय कसे टाकावेत, कंबर कशी वळवावी, हे पुन्हा पहिल्यापासून गिरवले. संघानेही धीर धरला. चाली शिकवणारा प्रशिक्षक चार वर्षे तोच ठेवला आणि २०२० साली चेंडू झेलणारा एक उत्तम गडी जोडीला दिला. २०२४ च्या हंगामाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू हाच अॅलन ठरला.

दुसरा वॉरन मून. जन्म १९५६, लॉस एंजेलिस. सात वर्षांचा असताना वडील वारले. आई परिचारिका. घरात सहा बहिणी. मून स्वयंपाक, शिवण, इस्त्री सारे शिकला. १९७८ च्या जानेवारीत 'रोज बोल' हा मानाचा सामना त्याने विद्यापीठाला जिंकून दिला. तरी व्यावसायिक संघ म्हणाले, दुसऱ्या जागी खेळ. का? तर तो कृष्णवर्णीय होता. कृष्णवर्णीयाने पळावे, झेलावे, अडवावे. डोके चालवून पुढारीपण करणे त्याचे काम नाही, असा तेव्हाचा समज होता.

मूनने जागा सोडली नाही, देश सोडला. कॅनडातल्या एडमंटनमध्ये तो आधी एका अनुभवी क्वार्टरबॅकबरोबर आळीपाळीने खेळत शिकला. १९७८ ते १९८२, सलग पाच वर्षे त्या संघाने तिथला अजिंक्यचषक जिंकला. १९८४ साली ह्यूस्टनने त्याला अमेरिकेत आणले. पहिल्या हंगामात संघाने सोळांपैकी तीनच सामने जिंकले. पण त्याला काढले नाही. १९८७ पासून सलग सात वर्षे तो संघ बाद फेरीत पोचला. २००६ साली व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मान दालनात प्रवेश मिळवणारा मून हा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला.

पालकहो, या दोन शंका सारख्या नाहीत. अॅलनवरची शंका त्याच्या कसबावर होती. तिला सराव, वेळ आणि न बदलणारा शिक्षक हे उत्तर होते. मूनवरची शंका त्याच्या जन्मावर होती. त्याने आणखी कितीही सराव केला असता, तरी ती फिटली नसती. कारण खोट त्याच्या खेळात नव्हती, दार अडवणाऱ्यांच्या नजरेत होती. अशा वेळी दुसरे दार शोधावे लागते आणि पहिले दार उघडायला भागही पाडावे लागते. २०२३ च्या सुपर बोल या अंतिम सामन्यात दोन्ही संघांचे क्वार्टरबॅक प्रथमच कृष्णवर्णीय होते, ते मूनसारख्यांनी ते दार ढकलले म्हणून.

आपल्या मुलाला किंवा मुलीला उद्या कोणी "तुला जमणार नाही" म्हणाले, तर आधी विचारा, काय जमत नाही? उत्तरात गणित, इंग्रजी, नेम असे काही आले, तर पोराला घेऊन बसा, दोन-तीन वर्षे धीर धरा. उत्तर देता येत नसेल, तर पोराला दोष देऊ नका. त्याला सांगा, तू तुझी जागा सोडू नकोस.