आधी बाटली, मग गोळी



लघवीला जळजळ, सारखं जावंसं वाटणं, ओटीपोटात दुखणं. आपल्यातल्या कितीतरी जणींना हे कधी ना कधी होतं, पण सांगायला लाज वाटते. मग केमिस्टला फोन करून मागच्या वेळचीच गोळी मागवली जाते. दोन दिवसांत बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या डब्यात, पुढच्या वेळेसाठी. माझं स्पष्ट मत आहे, ही सवय आपल्या घरांतून गेली पाहिजे.

मी कॉमर्सवाली. व्हाउचर पाहिल्याशिवाय नोंद करायची नाही, हे कॉलेजात शिकले. लघवीचं कल्चर हे तसंच व्हाउचर आहे. साध्या रुटीन तपासणीत पू-पेशी दिसतात, त्यावरून संसर्गाचा संशय येतो. कल्चरमध्ये जंतू वाढवून तो कोणता हे ओळखतात (बहुतेक वेळा आतड्यातलाच ई. कोलाय) आणि कोणतं औषध त्याला लागू पडेल तेही तपासतात. रिपोर्टमध्ये औषधापुढे 'एस' म्हणजे लागू पडेल, 'आर' म्हणजे नाही. याला दोन-तीन दिवस लागतात. आपल्या देशात ई. कोलायवर नेहमीची बरीच अँटिबायोटिक्स आता चालत नाहीत, म्हणून मागच्या वेळची गोळी या वेळी चालेलच असं नाही. पाकिटावरची उभी लाल रेघ याचसाठी आहे: डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका.

तरुण मुलीला पहिल्यांदाच साधा त्रास झाला तर डॉक्टर कधी कल्चरशिवायही औषध देतात. पण त्रास पुन्हा पुन्हा होत असेल, मधुमेह असेल, सून गरोदर असेल, ताप किंवा कंबरेत कळ असेल, तर कल्चर हवंच. नमुना पहिल्या गोळीच्या आधी द्यायचा, नाहीतर जंतू नीट वाढत नाहीत आणि रिपोर्ट फसवा येतो. थंडी वाजून ताप असेल तर रिपोर्टची वाट बघू नका. नमुना देऊन डॉक्टर सांगतील ते औषध लगेच सुरू करा.

नमुना असा घ्या. हात धुवा, जागा पाण्याने पुढून मागे स्वच्छ करा, सुरुवातीची लघवी सोडून मधली लॅबच्या निर्जंतुक बाटलीत घ्या. घरची धुतलेली डबी चालत नाही. बाटली दोन तासांच्या आत पोहोचली पाहिजे, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवावी लागते, आणि आपल्यापैकी कोणाची त्याला तयारी असणार? त्यापेक्षा लॅबमध्येच जाऊन द्या. बे घडीत संमूर्च्छिम जीव उत्पन्न होतात हे आपण लहानपणापासून ऐकतो. लॅबवाल्यांचं कारण वेगळं, पण घाई तीच.

कोणी म्हणतं, जंतू वाढवून मारायचे, ही हिंसा नाही का? मी म्हणते, अंदाजाने घेतलेली गोळी पोटातले उपयोगी जीवही मारते, आणि चुकीची निघाली तर दुसरी, तिसरी घ्यावी लागते. नेमकं औषध, नेमके दिवस, यात मला जयणाच दिसते.

उलट बाजूही सांगते. काहीच त्रास नसताना सासूबाईंच्या रिपोर्टमध्ये जंतू दिसले, तर लगेच औषध लागतंच असं नाही. वयस्कर बायकांत ते पुष्कळदा आढळतं. गरोदरपणात मात्र त्रास नसला तरी उपचार करतात.

आता आपल्या सवयी. चौविहार असला तरी सूर्यास्तापूर्वी दिवसभर पुरेसं उकाळलेलं पाणी पिता येतं. पण बाहेर जायचं म्हणून आपण पाणीच पीत नाही आणि घाटकोपर ते अंधेरी प्रवासभर लघवी धरून ठेवतो. मुंबईत 2011 पासून बायकांनी 'राइट टू पी' ही मोहीम चालवली, ती या अडचणीमुळेच. वारंवार त्रास होणाऱ्यांनी अठ्ठाई किंवा वर्षीतपाआधी डॉक्टरांना विचारावं. औषध चालू असताना चौविहाराचा नियम डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. सूर्यास्ताआधी बसेल असं औषध आहे का, हे त्यांना ठरवू द्या. आपल्या मनाने डोस गाळू नका.

आणि डब्यातल्या त्या उरलेल्या गोळ्या आजच बाहेर काढा. मुलींना, सुनांनाही हे सांगा. शरीराच्या दुखण्यात लाजण्यासारखं काही नाही.