नर्मदेकाठी श्रीखंड-पुरी

आमच्या मराठी मंडळींच्या एकदिवसीय सहलींविषयी एकदा स्पष्ट लिहिणे आवश्यक झाले आहे. इंदूरहून महेश्वर सुमारे ९० किलोमीटर. सुटीच्या दिवशी बस निघते, जाम घाट उतरून निमाडात शिरते, आणि मागच्या आसनांवर श्रीखंडाचे डबे, पुऱ्यांच्या टोपल्या व मसालेभाताची पातेली हिंदकळत असतात. अहिल्यादेवींच्या राजधानीत जाऊन आम्ही जे जेवतो, ते इंदुरातल्या कोणत्याही मंगल कार्यालयात मिळते. घाटाला पाऊण तास, पंगतीला दीड तास, उरलेला दिवस साडीखरेदीला. यास स्थलदर्शन म्हणावयाचे असेल तर शब्दकोश बदलावा लागेल.

'आपल्या पद्धतीचे जेवण हवे' हा या बेतामागचा मुख्य युक्तिवाद. आपली पद्धत म्हणजे कोणाची? आमची घराणी होळकर-शिंद्यांच्या चाकरीत माळव्यात आली, त्यास दोन शतकांहून अधिक काळ लोटला. ज्या घरांत रविवारी दाळ-बाफले होतात, पोह्यांवर शेव आणि जिरावन भुरभुरले जाते व शेजारी जिलबी लागते, त्याच घरांनी सहलीपुरती पुणेरी पंगत मांडावी, हे संस्कृतिरक्षण नव्हे, सोंग आहे. (पोह्यांत बडीशेप घालून ते वाफेवर ठेवण्याची आमची रीत पुण्याच्या पाहुण्यांना रुचत नाही. त्यांनी आपले पोहे ओल्या खोबऱ्यासह खुशाल खावेत.)

आणि गंमत अशी, की ज्या अन्नाला आम्ही परके समजून टाळतो, ते परके नाहीच. निमाडात अंबाडीला अमाडी म्हणतात. अमाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी हे तिथले घरोघरचे जेवण. नोकरीच्या काळात दौऱ्यावर असताना आम्ही ते कितीदा तरी खाल्ले: आंबटसर पाला शिजवून घोटलेला, वर लसूण-मिरचीची चरचरीत फोडणी, तेलाला हात आखडलेला नाही. निमाडाची शीव खानदेशाला लागून आहे. ज्यांचे आजोळ जळगाव-धुळ्याकडचे, त्यांना ही भाजी ओळखण्यास क्षणही लागू नये. तीच त्यांची नातवंडे महेश्वरला जाऊन, तिचे नावही न ऐकता परत येतात.

ज्येष्ठांना बाहेरचे अन्न बाधते, असेही सांगितले जाते. बाफल्यांबाबत हे मान्य. आधी पाण्यात उकडून मग भाजलेला आणि तुपात बुडवलेला तो गोळा सत्तरीच्या माणसाने बेतानेच खावा. परंतु गरम भाकरी बाधते आणि उन्हातून तीन तास प्रवास केलेले श्रीखंड बाधत नाही, हे कोणते वैद्यक?

पाहण्याची कथा याहून वेगळी नाही. चौंडीसारख्या लहान गावी १७२५ साली जन्मलेल्या या बाईंनी महेश्वरी राहून राज्य केले आणि १३ ऑगस्ट १७९५ रोजी तिथेच देह ठेवला. बाहेरून विणकर आणून त्यांनी गावाला धंदा दिला. त्या साडीच्या काठांवरील नक्षी किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडांत कोरलेली आहे. आमची मंडळी दुकानात काठ निरखतात, भाव पाडतात. पण दगडाकडे पाहत नाहीत आणि माग चालतो तिथे फिरकत नाहीत. वाड्यात मातीची शिवलिंगे करून पूजण्याचा व नर्मदेत विसर्जन करण्याचा लिंगार्चनाचा प्रघात अद्याप चालू आहे. तो सकाळचा. आमची बस ११ वाजता पोहोचते, तोवर सारे आटोपलेले असते. कारण आचाऱ्याच्या पुऱ्या ८ वाजेपर्यंत तळून होत नाहीत! मुलांना इतिहासाची गोडी नाही अशी तक्रार पुढे वर्षभर बैठकांतून ऐकावी लागते. त्यांना दाखविले काय, हे कोणी विचारत नाही.

सहल-समित्यांना आमचे सांगणे व्यवहाराचे आहे. बस पहाटे ५ला सोडावी. न्याहारी वाटेत पोह्यांची. आचारी आणि पातेली इंदुरातच ठेवावीत. पावसाळा संपल्यावर, अंबाडी कोवळी असताना जावे. महेश्वरातील एखाद्या कुटुंबास दोन दिवस आधी पैसे पोहोचवून भाकरी-भाजी सांगून ठेवावी. आणि माणसांची संख्या नक्की कळवावी. चाळीस सांगून साठ नेण्याची आमची सवय जगजाहीर आहे, आणि भाकरी एकेक करून थापावी लागते.