किनाऱ्यावरची सुट्टी आणि नुकसानीची वाटणी

काही धंदे बारा महिने चालतात, तर काही सीझनवर. सीझनच्या धंद्यात चार-सहा महिन्यांत जे मिळेल त्यावर वर्ष काढायचे असते. असा सीझन सरकारी हुकमाने बंद पडला तर नुकसान कोणी सोसायचे? दुकानदाराने एकट्याने, की सरकार, जागामालक आणि गिऱ्हाईक यांनीही त्यात हिस्सा उचलायचा? कोरोनाच्या साथीत हा प्रश्न जगभर उभा राहिला. नेदरलँड्स, म्हणजे हॉलंडच्या समुद्रकिनाऱ्यावर त्याचे जे उत्तर निघाले, ते आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घ्यावे असे आहे.

या देशाला उत्तर समुद्राचा लांबलचक वाळूचा किनारा आहे. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की कुटुंबेच्या कुटुंबे झांडफोर्ट, स्खेवेनिंगेन यांसारख्या गावी दोन-तीन दिवस मुक्कामाला जातात. शेजारच्या जर्मनीतूनही मोठी गर्दी येते. किनाऱ्यावर वाळूतच लाकडी उपाहारगृहे उभी असतात. त्यांतील बरीचशी हंगामी. वसंताच्या तोंडावर ती उभारायची आणि हिवाळी वादळांपूर्वी उतरवून गोदामात ठेवायची. उभारणी, उतरवणी, गोदाम, नोकरांचा पगार, सारे काही हंगामाच्या गल्ल्यातूनच भागवायचे.

२०२० साली ही उभारणीची वेळ आणि साथ एकदमच आली. १५ मार्च रोजी संध्याकाळी सहा वाजता देशातील सर्व उपाहारगृहे बंद झाली. पुढच्याच शनिवार-रविवारी ऊन पडले आणि लोक किनाऱ्याकडे लोटले. तेव्हा सरकारने नियम आणखी कडक केले, ठिकठिकाणी किनाऱ्याकडचे रस्ते व वाहनतळ बंद झाले. झीलँड प्रांतात तर पर्यटकांच्या मुक्कामालाच काही आठवडे मनाई होती. उपाहारगृहे पुन्हा उघडली ती १ जूनला दुपारी बारा वाजता. तो पेंटेकॉस्टच्या जोडसुट्टीचा सोमवार होता. आत ३० गिऱ्हाइकांची मर्यादा आणि माणसामाणसांत दीड मीटर अंतर. टेबले कमी झाली, खर्च मात्र होता तेवढाच राहिला.

१४ ऑक्टोबर २०२० पासून उपाहारगृहांना पुन्हा टाळे लागले. हॉटेले मात्र चालू राहिली आणि मुक्कामाच्या पाहुण्यांना तेथेच जेवणही मिळे. म्हणजे सुट्टीला आलेले जोडपे हॉटेलात जेवत होते आणि शेजारचा उपाहारगृहवाला बंद दारामागे बसून होता. १५ डिसेंबरपासून हॉटेलातील जेवणही बंद झाले. एकाच रस्त्यावर दोघांना दोन नियम लावले की ज्याचे दुकान बंद त्याला अन्याय वाटणारच. हुकूम आरोग्यासाठी होता हे मान्य. पण सर्वांच्या भल्यासाठी एकाचे दुकान बंद करायचे असेल तर त्याचा भार सर्वांनी वाटून घेतला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही वाटणी तेथे कशी झाली? ज्यांची उलाढाल किमान २० टक्क्यांनी घटली, त्यांच्या नोकरांच्या पगाराचा ९० टक्क्यांपर्यंतचा भाग सरकारने उचलला. फटका बसलेल्या छोट्या धंद्यांना एकदाच ४,००० युरो मिळाले. एकट्याने धंदा करणाऱ्यांना किमान निर्वाहापुरती मदत होती. त्या हिवाळ्यात हंगामी उपाहारगृहे किनाऱ्यावर तशीच ठेवण्याची मुभा मिळाली, त्यामुळे उतरवणीचा खर्च वाचला. खर्च वाचवून देणे हीसुद्धा मदतच असते, हे आपल्याकडील नगरपालिकांनी ध्यानात घ्यावे.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा भाड्याचा. २४ डिसेंबर २०२१ रोजी त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सक्तीच्या बंदीमुळे झालेले नुकसान, सरकारी मदतीचा हिशेब धरून, जागामालक आणि भाडेकरू यांनी तत्त्वतः निम्मे-निम्मे सोसावे. कारण बंदी ही दोघांपैकी कोणाचीच चूक नव्हती. निकाल उशिरा आला, पण तत्त्व चोख आहे.

सारेच काही चांगले झाले असेही नाही. पगाराची मदत आगाऊ दिली होती. नंतर हिशेब होऊन अनेकांना रक्कम परत करावी लागली. पुढे ढकललेला कर ऑक्टोबर २०२२ पासून हप्त्यांनी फेडणे सुरू झाले. पुढे ढकलणे म्हणजे वाटून घेणे नव्हे.

गिऱ्हाइकाच्या आगाऊ पैशाचेही तसेच. रद्द झालेल्या प्रवासाचे पैसे परत देण्याऐवजी विमान कंपन्या व सहल कंपन्या व्हाउचर पुढे करू लागल्या. युरोपीय आयोगाने १३ मे २०२० रोजी सांगितले की व्हाउचर घेणे गिऱ्हाइकाच्या खुशीवर असावे, रोख परत मागण्याचा त्याचा हक्क कायम आहे. हे योग्यच झाले. माल दिला नाही तोवर आगाऊ रक्कम ही अमानत आहे. गिऱ्हाइकाने आपणहून थांबायचे ठरवले तर तो त्याचा उपकार समजावा.

आम्हा कापडवाल्यांना या गोष्टी परक्या नाहीत. २०२० चा रमजान, ईद आणि लग्नसराई टाळेबंदीत गेली. सरकारने छोट्या उद्योगांसाठी हमीची योजना आणली, पण ती कर्जाची. दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये एका दुकानाचे भाडे स्थगित करण्याची मागणी फेटाळली आणि भरण्यास फक्त थोडी मुदत दिली. करारात तशी तरतूद नसेल तर भाडेकरूच्या हाती फारसे काही राहत नाही, हे त्यातून दिसले.

म्हणून दुकान, गाळा किंवा कारखान्याची जागा भाड्याने घेताना करारात एक कलम अवश्य लिहून घ्यावे: सरकारी हुकमाने धंदा बंद राहिला तर त्या काळाचे भाडे कोण किती सोसणार. मालक ओळखीचा आहे, तोंडी ठरले आहे, यावर राहू नये. आपल्या पेठांतील व्यापारी संघटनांनी अशा कलमाचा एक मसुदा वकिलाकडून तयार करून सभासदांना द्यावा. संकट आल्यावर वाटणी मागणे कठीण जाते, आधी लिहून ठेवलेली असली तर कोणाशी भांडावे लागत नाही.