पाटीला रेझिन लावा, पण उन्हाचा हिशेब धरा



फाट्यावर शाखेची लाकडी पाटी लावायची ठरली की वर्गणी होते, पेंटर येतो, नारळ फुटतो. दोन-तीन पावसाळ्यांत अक्षरे लागेनाशी होतात आणि पुन्हा वर्गणी. यावर आता इपॉक्सी रेझिनचा उपाय सांगतात : एकदा लावा, जन्मभर विसरा. सिंदी मेघे असो की आतले कोरडवाहू खेडे, या सल्ल्याचा अर्धाच भाग घ्यावा, असे माझे मत आहे.

इपॉक्सी म्हणजे घरात तुटके जोडतो त्या अरल्डाइटचेच भावंड. रेझिन आणि हार्डनर मिसळले की कडक थर बनतो. तो पाणी अडवतो, हे खरे. पण ऊन त्याला सोसत नाही. थर पिवळा पडतो, भुकटी सुटते, तडे जातात. तड्यातून शिरलेले पाणी आत कोंडते आणि लाकूड झाकल्या जागी कुजते. आपल्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. म्हणून रेझिनवर उन्हाला टिकणारे व्हार्निश किंवा ऑइलपेंट हवेच, आणि ते फिके पडले की पुन्हा हात मारावाच लागतो. ‘जन्मभर’ची भाषा इथेच संपते.

करायचेच तर कापूस वेचून झाल्यावर, फाल्गुन-चैत्रात करा. लाकूड पूर्ण वाळलेले हवे. मागची बाजू, कडा, खिळ्यांची भोके सोडू नका. कापलेल्या टोकांतून पाणी सर्वांत जास्त शिरते. डब्यावरच्या प्रमाणातच मिसळा. हार्डनर जास्त घातल्याने काम लवकर होत नाही, थर चिकट राहतो. थोडेथोडेच कालवा, उन्हात ते भांड्यातच घट्ट होते. सायंकाळी, लाकूड निवत असताना सावलीत लावा, म्हणजे बुडबुडे येत नाहीत. हातमोजे घाला.

आता हिशेब. रेझिन, व्हार्निश आणि मजुरी यांची बेरीज करा, पाटी किती वर्षे टिकेल त्याने भागा. शेजारी, बंडीला पाजतो तसा जवसाच्या तेलाचा दरवर्षीचा हात मांडा. सागाच्या कोरीव पाटीला रेझिन परवडेल. साध्या फळीला तेलच बरे. पिकाचा उत्पादन खर्च पैशापैशाने मांडणाऱ्यांनी वर्गणीच्या पैशालाही तोच न्याय लावावा. हा हिशेब कागदावर करून पुढच्या बैठकीला आणा, मगच पाटीचा ठराव घ्या.